शेगडीमागची भिंत

१

डोळ्याचं ऑपरेशन करून मातांत फर्नांद घरी परतली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात शेगडी नव्हती.

शेगडी म्हणजे काही काखेत मारून न्यायची वस्तू नव्हे. बिडाची, काचेच्या दाराची, धडधाकट माणसाचीही कंबर धरेल अशी. ती जिथे असायची तिथे आता नुसता विटांचा चौथरा होता आणि वर भिंतीत धुराड्याच्या नळीचं गोल भोक. बाहेर फेब्रुवारी होता. नदी इतकी गोठली होती की पलीकडच्या कॅनडातली पोरं तिच्यावरून गाड्या पळवत होती.

फर्नांदनं पोलिसांना फोन केला नाही. तिनं जिनेटला केला.

"जिनेट, तुला त्या शेगडीचा फोटो हवा होता ना? आता नाही काढता यायचा."

"का?"

"शेगडीच गेली."

जिनेट कॉरिव्हो हातातला चहाचा कप तसाच ठेवून उठली. तशीही ती बसून कमीच असायची. हिवाळाभर सेंट ओडील गावातल्या अर्ध्या लोकांची करविवरणं तिच्या पुढच्या खोलीत भरली जात, आणि लोक म्हणत की जिनेट आकडेसुद्धा येरझाऱ्या घालत जुळवते. गेला आठवडाभर तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. लाकूड जाळायच्या चांगल्या शेगडीवर सरकार करात घसघशीत सूट देत असे. लाकडातली तीन चतुर्थांश उष्णता घरात आली पाहिजे, एवढीच अट. ती सूट डिसेंबरअखेर बंद झाली. त्यामुळे थंडीच्या तोंडावर गावात शेगड्यांसाठी झुंबड उडाली होती, आणि आता ते सगळे पावत्या घेऊन जिनेटच्या दारात उभे होते.

फर्नांदच्या पावतीवर शेगडी बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक नव्हता. म्हणून जिनेटनं तिला म्हटलं होतं, शेगडीच्या पाठीला एक धातूची पट्टी असते, तिचा फोटो पाठव. एवढीच साधी मागणी.

आणि मागणी केल्यावर तीन दिवसांत शेगडी गायब.

अंगात कोट चढवताना जिनेटच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. फोटोचं कुणाकुणाला माहीत होतं?

२

फर्नांदचा मुलगा रेनाल्ड कोट न काढताच स्वयंपाकघरात उभा होता. त्यानंच आईला बुधवारी ऑपरेशनसाठी बँगोर शहरात नेलं होतं आणि आज, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, परत आणलं होतं. आई एका डोळ्यावर पांढरी झापड लावून, मांडीवर गोधडी घेऊन खुर्चीत बसली होती.

"आता तरी ऐकशील का?" रेनाल्ड म्हणत होता. "तिकडे माझ्या घराजवळ खोली बघून ठेवलीय. बटण दाबलं की ऊब. लाकडं नाहीत, राख नाही, चोर नाहीत."

"आणि माणसंही नाहीत," फर्नांद म्हणाली. "जिनेट, ये गं. याच्याकडे लक्ष देऊ नकोस. हा मला रोज गुंडाळून गाडीत घालतो."

गावात तिला सगळेच मातांत म्हणत, म्हणजे मावशी. वयस्कर पुरुष तसे मोनोंक, म्हणजे काका. नातं असो वा नसो. फर्नांदचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून रेनाल्ड तिला न्यायला बघत होता आणि ती जात नव्हती.

जिनेटनं चौथऱ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

चोरानं घाई केली नव्हती. नळी उचकटून काढलेली नव्हती, सांध्यावर नीट सोडवली होती. भिंतीतलं भोक न जळणाऱ्या दगडी लोकरीनं गच्च भरून वर पत्रा ठोकला होता, जेणेकरून वारा आत येऊ नये. राख बादलीत भरून झाकण लावून बाहेर पायरीवर ठेवली होती. लाकडी फरशीवर ओरखडा नाही.

"चोर आहे की पाहुणा?" जिनेट पुटपुटली.

मग तिला बारीक घुरघुर ऐकू आली. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली होती. तिथे पिठाच्या पिंपामागे, भिंतीच्या अगदी कोपऱ्यात, विजेचा छोटा हीटर चालू होता.

"हा तुझा?"

"माझा कुठला," फर्नांद म्हणाली. "मला तर वाटलं रेनाल्डनं लावला."

"मी आत्ताच आलोय तुझ्याबरोबर," रेनाल्ड म्हणाला.

म्हणजे शेगडी नेणाऱ्यानं घर गोठू नये म्हणून स्वतःचा हीटर ठेवला होता. जिनेट परत चौथऱ्याकडे आली. शेगडीमागे भिंतीला पाइनच्या फळ्या होत्या. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर त्यांच्यावर एक मोठा तपकिरी डाग पसरला होता.

"काजळी आहे," रेनाल्ड म्हणाला.

जिनेटनं रुमाल ओला करून घासला. रुमाल पांढराच राहिला. तिनं नखानं टोकरलं, तर लाकडाचा कपचा बिस्किटासारखा मोडून तिच्या बोटांवर आला.

काजळी बाहेरून बसते. हे लाकूड आतून भाजलं होतं.

३

"त्या शेगडीचं बरं झालं," शेजारच्या घराच्या दारात उभा राहून क्लोव्हिस नादो म्हणाला. तो सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा, एका कानानं बहिरा आणि दुसऱ्यानं सोयीपुरतं ऐकणारा. "तिचा धूर सरळ माझ्या झोपायच्या खोलीत यायचा. मी नगरपालिकेला दोनदा सांगितलं."

"म्हणून तुम्ही उचलून नेलीत का, मोनोंक?"

"मी?" त्यानं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. "मला माझी पँट उचलवत नाही."

"मातांतनं तुम्हाला फोटो काढायला सांगितलं होतं म्हणे."

"सांगितलं होतं. फाटकापाशी उभी राहून. घरात घेते कुठे ती मला? तिच्या नवऱ्याच्या, सिल्विओच्या मयतीनंतर मी तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलेलं नाही. म्हटलं, कॅमेरा तुझा, शेगडी तुझी, तूच काढ फोटो."

"बुधवारी कुणी दिसलं का इथे?"

"बुधवारी दिवसभर बर्फ पडत होता. मला माझं नाक दिसत नव्हतं." असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. जिनेटला आत डोकावायलाही मिळालं नाही. मात्र दार बंद होता होता गरम हवेचा एक भपकारा तिच्या तोंडावर आला. म्हाताऱ्यानं घर चांगलंच तापवलं होतं.

तिथून ती तडक डोनाट पिनेटच्या दुकानात गेली. डोनाट शेगड्या विकायचा, जिनेटच्या नवऱ्याला हाताशी घेऊन बसवून द्यायचा, आणि गावच्या अग्निशमन पथकात स्वयंसेवकही होता. गोड बोलणारा, सगळ्यांच्या लग्नात नाचणारा माणूस.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "वाईट झालं. तिचा विमा असेलच. आणखी काय करणार?"

"तो सांकेतिक क्रमांक मी तुझ्याकडे मागितला होता, डोनाट."

"शोधतोय गं. या हंगामात जीव काढला लोकांनी. कंपनीकडचा माल संपला तरी माणसं दारात उभी. डिसेंबरच्या आत बसव, डिसेंबरच्या आत बसव."

"माल संपला, तरी तू कुणालाच परत पाठवलं नाहीस."

"माझी गिऱ्हाइकं आहेत ती." तो हसला. "कुठून कुठून मागवल्या."

"मातांतची शेगडी भिंतीच्या फार जवळ होती का रे?"

डोनाटचं हसू जागचं हललं नाही, पण त्याचे हात काउंटरवरच्या स्क्रूंची उगाच रास करू लागले. "पट्टीवर लिहिलेलं असतं, भिंतीपासून किती अंतर सोडायचं. तेवढं बरोबर मोजून सोडलंय. पाहिजे तर पट्टी बघ."

"पट्टी बघायला शेगडी कुठाय?"



जिनेट गाडीत येऊन बसली आणि किल्ली न फिरवता तशीच राहिली. पट्टी सांगते तेवढं अंतर सोडलं होतं, तरी भिंत भाजली. तर मग पट्टी खोटं सांगत होती. आणि पट्टी खोटी असेल, तर शेगडी त्या पट्टीची नव्हतीच. जुनी, उष्णता नीट न धरणारी, चहूबाजूंनी आग ओकणारी कुठलीतरी शेगडी रंगवून वर चांगल्या शेगडीची पट्टी ठोकली होती. पट्टीमुळे करात सूट मिळणार होती. त्याच पट्टीमुळे घर पेटणार होतं.

डोनाटनं फसवलं, हे उघड होतं. पण शेगडी डोनाटनं नेली असती, तर त्यानं फर्नांदसाठी हीटर ठेवला असता का?

४

दुपारी जिनेटनं फर्नांदला आपल्या घरी आणलं. कालच्या चिकनच्या रश्श्याबरोबर कुट्टूच्या पिठाचे, घावनासारखे गरम प्लॉय तिच्या पुढ्यात ठेवले. रेनाल्ड पोलिसांना फोन लावत बसला होता.

फर्नांद प्लॉयची सुरळी करून रश्श्यात बुडवून खात होती. जिनेट टेबलाभोवती फिरत होती.

"बस ना गं. माझा आहे तो डोळाही गरगरायला लागला."

"मातांत, हीटर कोठीत का ठेवला असेल?"

"नळ गोठू नये म्हणून."

"पण नळ तर स्वयंपाकघरात आहे. मी असते तर मोरीखाली ठेवला असता."

"मोरीखालचा नळ नाही गोठत." फर्नांदनं तोंड पुसलं. "कोठीतला गोठतो, पिंपामागचा. बाहेरून येतो ना तो. मागच्या हिवाळ्यात फुटला होता, कोठीत नुसतं तळं."

"मला कुठे माहीत होतं हे?" रेनाल्ड फोन बाजूला धरून म्हणाला.

"तुला काय सांगायचं? तू म्हणाला असतास, चल माझ्याकडे."

जिनेट थांबली. रेनाल्डला माहीत नव्हतं. शिवाय तो बुधवारी बँगोरच्या दवाखान्यात आईजवळ होता. क्लोव्हिस उंबऱ्याच्या आत येत नव्हता. डोनाट शेगडी बसवून स्वयंपाकघरातूनच परत गेला होता. पिंपामागे नळ आहे आणि तोच गोठतो, हे फक्त तो दुरुस्त करणाऱ्याला माहीत असणार.

"मातांत, नळ दुरुस्त कुणी केला होता?"

 फर्नांदनं रश्श्याची वाटी जरा दूर सारली आणि उघड्या डोळ्यानं जिनेटकडे पाहिलं. त्या बघण्यात नवल नव्हतं. तिनं हा हिशेब आधीच करून ठेवला होता, असं जिनेटला वाटलं.

"तुझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली.

५

ऑरेल गॅरेजमध्ये होता. बायको आत आलेली पाहून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी, जडशीळ उभं होतं आणि त्याच्या शेजारी त्याची अवजड सामान चढवायची हातगाडी.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"नवी आली की. खरी शेगडी सांगून ठेवलीय, कॅरिबू गावच्या व्यापाऱ्याकडे. मातांत शुक्रवारी येणार होती. गुरुवारी सकाळी नवी बसवून मोकळा झालो असतो. पण बर्फात ट्रक अडकला आणि मातांत एक दिवस आधीच आली."

ऑरेलनं बरीच वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर हाताला काम हवं म्हणून डोनाटकडे शेगड्या बसवायला जायचा. जिनेटनं ताडपत्री ओढली. शेगडीच्या पाठीला चकचकीत पट्टी होती, चारही कोपऱ्यांत रिबिटं ठोकलेली.

"ही तू ठोकलीस?"

त्यानं मान डोलावली. "डोनाट म्हणाला, जुन्या पट्ट्या गंजल्यात, कंपनीनं नव्या पाठवल्यात. मी ठोकल्या. विचारलं नाही काही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं." तो खाली बघत म्हणाला. "रविवारी मातांतची लाकडं आत टाकायला गेलो होतो. शेगडीमागे भिंत बघितली. हात लावला तर भाजलं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात तू पट्टीच्या फोटोचं काढलंस आणि माझा घासच उतरेना."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू मास्तरीणबाईंचं विवरण पाठवून बसली होतीस, जिनेट. त्यांच्याकडेही तसलीच शेगडी आहे. खाली तुझी सही आहे."

 सहीचा विचार जिनेटच्या मनात आला, पण दुसराच एक शब्द त्याला मागे ढकलून पुढे आला.

"तसलीच? आणखी किती जणांकडे आहेत?"

"मी डोनाटला सांगितलं होतं. तो म्हणाला, मी घरोघर जाऊन सगळ्या बदलतो, तू फक्त मातांतचं बघ."

"आणि तू पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवलास. कुणाकडे आहेत, ऑरेल?"

"मास्तरीणबाई. चर्चशेजारचे गॅन्यों. आणि..." तो अडखळला. "क्लोव्हिस."

"क्लोव्हिसकडे शेगडी आहे?"

"डिसेंबरच्या शेवटी घेतली. मातांतला कळू देऊ नका म्हणाला. धुराची तक्रार केली होती ना त्यानं."

दारातून आलेला तो गरम भपकारा जिनेटला पुन्हा तोंडावर जाणवला. ती गॅरेजमधून पळतच बाहेर पडली.

६

मास्तरीणबाईंनी फोन उचलला आणि निमूटपणे शेगडी विझवायला घेतली. गॅन्योंनी दोन शिव्या दिल्या आणि तेही कामाला लागले. क्लोव्हिसचा फोन वाजत राहिला.

"दुपारी झोपतो तो," फर्नांद म्हणाली. ती गोधडीसकट उठून उभी राहिली होती. "चांगला कान उशीवर ठेवून."

ऑरेलनं गाडी काढली. जिनेट अग्निशमनाला फोन लावत होती. मागच्या सीटवर फर्नांद, रेनाल्ड नको नको म्हणत असताना येऊन बसली होती.

क्लोव्हिसच्या घराला बाहेरून काही झालेलं दिसत नव्हतं. धुराड्यातून सरळ, शांत धूर वर चढत होता. ऑरेलनं खांद्यानं दार ढकललं. आत शेगडी लालभडक तापलेली, आणि घरात गोडसर, तिखट, लाकूड करपल्याचा वास. जिनेटनं शेगडीच्या वर भिंतीला तळहात लावला आणि झटक्यात मागे घेतला. फळ्यांच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती, दोऱ्यासारखी.

ऑरेल आतल्या खोलीत घुसला. क्लोव्हिसला त्यानं ब्लँकेटासकट उचलून बाहेर आणलं. म्हातारा अर्धवट झोपेत त्याला बुक्के मारत होता.

"माझी पँट," तो म्हणत होता.

अग्निशमनाची गाडी आली. तिच्यातून पिवळ्या कोटातला पहिला माणूस उतरला तो डोनाट पिनेट. पायऱ्यांवर ऑरेलला, मग जिनेटला पाहून तो क्षणभर थबकला. पथकाचा प्रमुख ओरडला, "डोनाट, भिंत उघड."

कुऱ्हाड त्याच्याच हातात होती. त्याला आत जावं लागलं. उघड्या दारातून सगळ्यांना दिसत होतं. पहिला घाव बसला, फळी निघाली, आणि भिंतीच्या पोकळीत वरपर्यंत चढलेली निखाऱ्यांची रांग हवा लागताच भगभगून उठली. दुसऱ्यानं पाण्याची धार सोडली. डोनाट फळ्यामागून फळी काढत गेला. आग आढ्याला पोचायला हातभरच अंतर उरलं होतं.

सगळं विझल्यावर तो बाहेर येऊन बर्फात बसला. चेहरा काळा झाला होता. जिनेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी उद्यापासून बदलणार होतो सगळ्या," तो म्हणाला.

"क्लोव्हिस दुपारी झोपतो, डोनाट. आज जर मला पोचायला उशीर झाला असता, तर तू आत जाऊन काय उचलून आणलं असतंस?"

डोनाटनं हातमोजे काढले आणि तोंड झाकलं. पथकाचा प्रमुख दोन पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

७

पुढचं गावाला माहीत आहे. डोनाटचं दुकान बंद झालं आणि खटला उभा राहिला. ऑरेलनं स्वतः जाऊन जबाब दिला, पट्ट्या आपण ठोकल्या हेही सांगितलं, आणि आपल्यावर कोणता आरोप ठेवायचा ते ठरण्याची वाट बघत राहिला. जिनेटनं मास्तरीणबाईंचं विवरण दुरुस्त करून पाठवलं, सोबत स्वतःचा खुलासा जोडला. त्या हंगामात तिच्याकडची काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ती म्हणाली, जाऊ देत.

फर्नांदच्या जुन्या शेगडीवरची सूट अर्थातच मिळणार नव्हती. नवी शेगडी बसली ती नव्या वर्षात, म्हणजे तिच्यावरही नाही. कॅरिबूहून ट्रक आला त्या दिवशी रेनाल्डनं विचारलं, ही बसवणार कोण?

"ऑरेल," फर्नांद म्हणाली.

"त्यानंच तर..."

"मला माहीत आहे त्यानं काय केलं."

ऑरेल टोपी हातात घेऊन चौथऱ्यापाशी उभा होता. भाजलेल्या फळ्या काढून त्यानं तिथे विटा लावल्या होत्या.

"मातांत," तो म्हणाला, "मी चोरासारखा..."

"चोरून नेलीस ते बरं केलंस. आणताना गप्प बसलास ते मी विसरणार नाही. मेले तरी नाही." तिनं झापड काढलेला डोळा बारीक करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आता मोज. माझ्यासमोर मोज, मोठ्यानं."

ऑरेल गुडघ्यांवर बसला, भिंतीला टेप लावली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. फर्नांद म्हणाली, पुन्हा. त्यानं पुन्हा वाचलं. उंबऱ्याबाहेर क्लोव्हिस जळक्या घरातून वाचलेली एक बॅग घेऊन उभा होता. त्याची भिंत दुरुस्त होईस्तोवर कुठे राहायचं हा प्रश्नच होता.

"दार लाव," फर्नांद त्याला म्हणाली. "आत येऊन लाव. ऊब जातेय."